पाणी पिण्यास योग्य

३ मार्च

प्रिय बेबी,

तू आता आरोग्य खात्यात उपसंचालक झालीस, तू खोलीत शिरलीस की लोक उठून उभे राहतात, तरी मी बेबीच लिहिणार. फोन करत जा म्हणतेस. पण कानातल्या यंत्राला फोन लावला की शिट्टी वाजते, आणि तू ‘ताप’ म्हणालीस की मला ‘साप’ ऐकू येतं. त्यापेक्षा पत्र बरं. पत्राला परत परत विचारता येतं.

सध्या माझ्या स्टुडिओला एक नवीनच रोग लागलाय. ओळखपत्राचे फोटो काढले की माणसांचे डोळे पिवळे येतात. सगळ्यांचे नाही, पण पाचातल्या एखाद्याचे येतातच. पहिल्यांदा वाटलं, शाई खराब. नवी शाई घातली, तेच. कागद बदलला, तेच. परवा कॉलेजातला एक कारकून भांडायलाच उठला. “मी काय असा पिवळा आहे का?” मी म्हटलं, “साहेब, फोटोत तरी आहात.” त्यानं आरशात पाहिलं आणि मुकाट्यानं फोटो घेऊन गेला. यंत्रवाला येऊन तपासून गेला. म्हणतो, यंत्रात काही खोट नाही. समोरचा चष्मेवाला दुकानातून ओरडतो, “फोटोवाल्या, तुझ्या यंत्रालाच चष्मा लागलाय, पाठव इकडे.” शाळेपासूनची दोस्ती, त्यात तीस वर्षं समोरासमोर बसून आमच्या दोघांचे विनोदही आता पिकलेत.

चिऊला सहावा लागला. जावईबापू अजून जहाजावरच आहेत, दिवाळीशिवाय काही सुटत नाहीत. चष्मेवाल्याच्या सुनेलाही तेवढेच दिवस गेलेत. दोघी रोज संध्याकाळी बरोबर फिरायला निघतात आणि मिळून अख्खी गल्ली अडवतात. सायकलवाल्यांना घंटी वाजवायची सोय नाही, दोघी उलट त्यांनाच झापतात.

बाकी ठीक. मंत्र्यांनी नारळ फोडल्यापासून नव्या योजनेचं पाणी दोन वेळा येतं. केबलसाठी रस्ते खणून ठेवलेत, म्हणून खालच्या गल्ल्यांत सकाळी पहिली बादली गढूळ येते म्हणतात. तुझी वहिनी आठवण काढते.

तुझा दादा

७ मार्च

प्रिय दादा,

प्रिंटर बदलू नकोस. त्याला काही झालेलं नाही, ती कावीळ आहे.

मला एवढं कळव. ते लोक कुठल्या भागातले? विचारताना गाजावाजा करू नकोस, पत्ता विचारल्यासारखंच विचार. घरात सगळ्यांनी पाणी चांगलं खळखळून उकळून प्या. वहिनीला सांग, नुसतं कोमट नाही.

आणि एक मागणं आहे. चिऊला माझ्याकडे पाठव. बाळंतपण इथंच होऊ दे. माझ्या घराजवळ चांगलं इस्पितळ आहे, डॉक्टर माझ्या ओळखीच्या आहेत. मला सोबत होईल. या घरात भांडं पडलं तरी ते मीच पाडलेलं असतं. शनिवारी सकाळी गाडी पाठवते. नाही म्हणू नकोस, आणि का म्हणून विचारू नकोस. म्हातारपणाकडे झुकलेल्या बहिणीचा हट्ट समज.

बेबी

१६ मार्च

प्रिय बेबी,

चिऊ नीट पोचली हे कळलं. गाडी वळणावरून दिसेनाशी झाली आणि तुझी वहिनी तिथंच पायरीवर बसून रडली. मी म्हटलं, अगं, आत्याकडेच गेलीय, जहाजावर नाही गेली. पण तुझं पत्र वाचून मलाच गलबलून आलं होतं. तू कधी एकटं वाटतं म्हणून लिहिलं नाहीस. बाळ झालं की महिना-दोन महिने ठेवून घे, आम्ही काही बोलणार नाही.

कावीळ म्हणतेस ते पटलं. आपल्या दोघांना लहानपणी झाली होती ना? महिनाभर शाळा बुडाली होती, अंथरुणात पत्ते खेळलो होतो. त्यामुळे मी काही घाबरलो नाही. पिवळे डोळेवाले बहुतेक बाजारामागच्या खालच्या गल्ल्यांतले आहेत. आता आमच्याही गल्लीतले एक-दोन दिसायला लागलेत.

वहिनी पाणी उकळते. चष्मेवाल्याकडेही मी सांगितलं, तेही उकळतात. त्याची सून चिऊ गेल्यापासून हिरमुसली आहे. एकटीच फिरते. परवा स्टुडिओत डोकावून म्हणाली, “काका, तुमच्या बहिणीच्या घरात आणखी एक खोली आहे का हो? मीपण जाते.” मी म्हटलं, “तू गेलीस तर तुझा सासरा माझी काच फोडेल.” हसली.

एक माणूस येऊन मोठ्या टाकीच्या पाण्याची बाटली भरून घेऊन गेला. तुमच्या खात्याचा होता म्हणतात. तू पाठवलास का?

दादा

२२ मार्च

प्रिय दादा,

चिऊ मजेत आहे. तिच्या सगळ्या तपासण्या करून घेतल्या, सगळं चांगलं आहे. माझी पुस्तकं वाचते आणि माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवते.

हो, माणूस आमचा होता. तपासणी चालू आहे. कचेरीतलं फार लिहीत नाही, तू समजून घे. इथं प्रत्येक गोष्टीला एक पायरी असते आणि प्रत्येक पायरीवर कुणीतरी बसलेलं असतं.

चष्मेवाल्याच्या सुनेला म्हणावं, उकळलेलंच पाणी पी. तिला जरा जरी मळमळ झाली, जेवण नकोसं झालं, तर तिथल्या दवाखान्यावर विसंबू नका, सरळ मोठ्या इस्पितळात न्या. माझं नाव घेऊ नकोस, तुझंच म्हणून सांग.

बेबी

२ एप्रिल

प्रिय बेबी,

आज तुझ्या दादाची छाती फुगली आहे. काल पेपरात तुमच्या खात्याची जाहीर सूचना आली. “शहराच्या मुख्य टाकीतील पाण्याचे तपासलेले नमुने समाधानकारक असून पाणी पिण्यास योग्य आहे. नागरिकांनी अफवांवर विश्वास ठेवू नये.” आणि खाली कुणाची सही? आमच्या बेबीची! पूर्ण नाव, पुढं पद. मी तेवढा भाग कापला, मोठा करून छापला आणि दर्शनी काचेत लावला, नवरा-नवरीच्या फोटोंच्या मधोमध. येईल त्याला सांगतोय, ही माझी धाकटी बहीण.

गल्लीत लोक घाबरले होते, त्यांचा जीव भांड्यात पडला. चष्मेवाला रस्ता ओलांडून आला, आधी एक चष्मा लावून वाचलं, मग दुसरा लावून. म्हणाला, “बेबीनं सही केलीय म्हणजे झालं. लहानपणी ती खोटं बोलली की कान लाल व्हायचे तिचे.” त्याच्या घरी सूनच रोज ते पाण्याचं जड पातेलं चढवायची आणि उतरवायची. त्यालाच ते बघवत नव्हतं. घरी जाऊन पहिलं तेच सांगितलं, “पोरी, ठेव ते पातेलं खाली.”

वहिनी मात्र अजून उकळतेच आहे. तिला एकदा लावून दिलं की ती थांबत नाही. मी तिला चिडवतो, बेबीचं घरचं एक आणि कचेरीतलं एक, तू नक्की कुणाचं ऐकतेस?

दादा

६ एप्रिल

दादा,

तो कागद काचेवरून काढ. हे पत्र वाचून झालं की लगेच काढ.

परवाच वहिनीला फोन केला होता. ती म्हणाली, “अहो वन्सं, किती छान दिसतोय, लोक थांबून वाचतात.” मी काढायलाच सांगितलं, पण कारण दिलं नाही, त्यामुळे तिला तो माझा संकोच वाटला असणार.

सूचना नीट वाच. ‘मुख्य टाकीतील’ असं लिहिलंय. टाकीतलं पाणी चांगलंच आहे. खालच्या गल्ल्यांतल्या नळांचं पाणी अजून कुणी तपासलेलं नाही. ते तपासायला पथक निघतंय. दुसरं पत्रक मी लिहून ठेवलंय, ते संचालकांच्या टेबलावर आहे. त्यावर त्यांची सही झाली की पेपरात येईल. तोवर मी यापेक्षा जास्त लिहिणं योग्य नाही. जे सिद्ध झालेलं नाही ते बोलले तर उद्या सिद्ध झालेलं बोलायलाही मला कुणी ठेवणार नाही.

चष्मेवाल्याला सांग, सुनेला उकळलेलंच पाणी द्या. आजच सांग.

बेबी

९ मे

बेबी,

चष्मेवाल्याची सून गेली. पोटातलं बाळही गेलं. मंगळवारी.

तुझं एप्रिलचं पत्र आलं त्याच दिवशी मी कागद काढला आणि समोर जाऊन सांगितलं, बेबी म्हणते पाणी उकळा. तो हसला. म्हणाला, “सहीनं सांगते उकळू नका, चिठ्ठीनं सांगते उकळा. फोटोवाल्या, तुझं कानाचं यंत्र पत्रालाही शिट्टी मारतं का?” मीही हसलो. त्यानंतर त्यांनी उकळायला घेतलं की नाही, मी विचारलं नाही.

गेल्या शुक्रवारी ती जेवली नाही. उन्हाचं असेल म्हणाले. मला तुझं वाक्य आठवलं, मी जाऊन म्हटलं मोठ्या इस्पितळात न्या. इथल्या डॉक्टरनं सांगितलं, कावीळ आहे, ऊस खाऊ दे, पडून राहू दे, होते बरी. आपण दोघंही झालोच होतो ना बरे? मी माघारी फिरलो. सोमवारी ती भलतंसलतं बोलायला लागली, नवऱ्याला ओळखेना. मग गाडी काढली. मी पुढं बसलो होतो, मागं तिचं डोकं सासूच्या मांडीवर. इस्पितळातल्या डॉक्टरीण बाईंनी तिला पाहिलं आणि आम्हालाच ओरडल्या. “ही कावीळ गरोदर बाईला मारते! दोन महिने तुमच्या गावात साथ आहे, तुम्हाला कुणी सांगितलं नाही?”

मला कानानं कमी ऐकू येतं, पण हे सगळं ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी सगळं आटोपून परतलो. चष्मेवाला त्याच्या दुकानाच्या बंद दारापाशी उभा होता. मी जवळ गेलो तर त्यानं हात वर करून मला थांबवलं. “एक सांग,” म्हणाला. “तुझी चिऊ मार्चमध्येच का गेली?”

मी म्हटलं, बहिणीला एकटं वाटत होतं.

त्यानं दाराचं कुलूप काढलं. मग आत गेला.

बेबी, मला लांबण लावून लिहू नकोस. तुला ठाऊक होतं का?

दादा

१४ मे

दादा,

हो.

तू लांबण नको म्हणालास, पण नुसतं ‘हो’ लिहून लिफाफा बंद करता येईना.

तुझं पहिलं पत्र वाचलं तेव्हाच संशय आला. दूषित पाण्यातून पसरणारी ही कावीळ बाकीच्यांना महिनाभर अंथरुणात ठेवते आणि सोडते. गरोदर बायकांना शेवटच्या महिन्यांत ती सोडत नाही. आमच्या शाखेतल्या शिकाऊ डॉक्टरलाही हे ठाऊक असतं. मी त्याच दिवशी टिपण लिहून संचालकांकडे गेले. ते म्हणाले, “एका फोटोवाल्यानं छापलेल्या डोळ्यांवरून मंत्र्यांनी उद्घाटन केलेलं पाणी बंद करू?” मी म्हटलं, सर, निदान नळांचे नमुने घेऊ, दवाखान्यांना विचारू. पण माणूस गेला तो टाकीची बाटली भरून परत आला. टाकीचाच नमुना घे असं त्याला सांगितलं गेलं होतं. निकाल अर्थातच चांगला आला.

मग बोलावणं आलं. “लोक घाबरलेत, आधी त्यांना शांत करा. तुमच्या सहीनं सूचना काढा. ती निघाली की मी पथकाला मंजुरी देतो.” मी मसुदा पुन्हा पुन्हा वाचला. त्यात एकही शब्द खोटा नव्हता, दादा. मला खोटं बोलायची गरजच पडली नाही. मी हिशेब केला: सूचनेनं दंगा थांबेल, पथक जाईल, आठवड्यात गळती सापडेल, दुसरं पत्रक निघेल. सही केली. पथक निघायला तीन आठवडे गेले. गाडी मिळेना, मग आदेशात चूक निघाली, मग साहेब दौऱ्यावर. शेवटी बसथांब्यापाशी गळती सापडली. केबल टाकताना पाण्याचा नळ फुटला होता आणि शेजारून गटार वाहत होतं. दुसरी सूचना निघाली तेव्हा चष्मेवाल्याची सून इस्पितळाच्या वाटेवर होती.

काल साहेबांनी मला बसवून तारखा मोजून दाखवल्या. तिला लागण सूचनेच्या आधीही झाली असेल, म्हणाले, तेव्हा मनाला लावून घेऊ नका. चहाही मागवला. खरंच असेलही तसं. कुणालाच कळणार नाही. पण ते समाधान मी घेतलं नाही.

लोक समजतात आरोग्य खातं म्हणजे इस्पितळं आणि औषधं. आमच्या शाखेकडे एक गोळीसुद्धा नसते. आमचं काम एवढंच, आधी कळणं आणि वेळेत सांगणं. मला आधी कळलं. वेळेत सांगितलंही. पण ते फक्त चिऊला.

‘तुला एक ओळ लिहायला काय झालं होतं,’ असं तू विचारशील. गरोदर बायकांना धोका आहे, एवढंच. ते लिहिलं असतं तर तू स्टुडिओच्या पायरीवर उभा राहून गल्लीभर ओरडला असतास. मला तुझा स्वभाव ठाऊक आहे. तेच मला नको होतं.

बेबी

२५ मे

बेबी,

तुझं पत्र वाचलं आणि बराच वेळ वहिनीला दाखवलं नाही. मग दाखवलं. ती म्हणाली, “म्हणजे आपली वाचली ते आपण वन्संची माणसं म्हणून.” एवढं बोलून आत गेली.

मी ओरडलो असतो म्हणतेस. हो, ओरडलो असतो. माझ्या घशाला काही झालेलं नाही. एवढा मोठा आवाज देवानं फुकट दिलाय, तो मी तुझी सही मिरवायला वापरला.

इथं चौकशी समिती येणार आहे. खालच्या गल्लीत आणखी दोघी गेल्या, एक तर लग्नाला वर्षसुद्धा झालं नव्हतं. लोक स्टुडिओत येत नाहीत. एकानं तोंडावर सांगितलं, तुमच्याकडे फोटो काढायला नको, तुम्हाला आमच्या तोंडावर काय दिसतं ते तुम्ही सांगत नाही.

तू समितीपुढं सगळं सांग. चिऊला नेलंस तेही सांग. सांगणार नसशील तर मला पत्र लिहू नकोस.

दादा

२८ जून

दादा,

आधी चांगली बातमी, जी तुला चिऊनं कळवलीच असेल. मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत. नाक आपल्या आईचं आहे.

समितीपुढं मी सगळं सांगितलं. सहीचं, पथकाचं, टाकीच्या नमुन्याचं, आणि माझ्या भाचीसाठी मी गाडी पाठवली त्याचंही. अध्यक्षांनी लेखणी खाली ठेवून विचारलं, “म्हणजे स्वतःच्या घरच्यांना सावध करून तुम्ही जनतेला निर्धास्त केलंत?” मी हो म्हटलं. बाकीचं त्यांनी फारसं विचारलं नाही. त्यांना हवं ते मिळालं होतं. अहवालात लिहिलंय, खात्यानं साथ आटोक्यात आणली. एका अधिकाऱ्यानं माहितीचा वैयक्तिक लाभासाठी वापर केला. मी निलंबित आहे. साहेब आहेत तिथंच आहेत. मी काही रडत नाही. अहवालातलं ते वाक्यही खोटं नाही.

चिऊला मी स्वतः सांगितलं. ती बाळाला पाजत होती. पाजून झालं, बाळाला आडवं केलं आणि म्हणाली, “तिनं मला निघताना विचारलं होतं, मीपण येऊ का म्हणून. मी तुला विचारलंच नाही, आत्या. मला वाटलं, तुला त्रास कशाला.” त्यानंतर ती माझ्याशी जेवणापुरतंच बोलते. पुढच्या आठवड्यात निघते म्हणाली. मी थांबवलं नाही.

बेबी

२० जुलै

बेबी,

चिऊ आणि बाळ आली. घरात आवाज आला. मला तो यंत्राशिवाय ऐकू येतो.

चिऊ आल्या दिवशीच समोर गेली, बाळाला घरी ठेवून. चष्मेवाल्याच्या बायकोनं तिला आत घेतलं, पाणी दिलं. उकळलेलं. दोघी शेजारी शेजारी बसल्या म्हणे. सुनेच्या खोलीचं दार बंद होतं.

नळ दुरुस्त झाला, पाणी आता खरंच चांगलं आहे. तुमच्या खात्याची नवी सूचना आलीय, दुसऱ्याच कुणाची तरी सही आहे. कुणी वाचतसुद्धा नाही. अख्खं शहर पाणी उकळतंय. एका परीनं बरंच म्हणायचं. पण आता गोष्ट पाण्यावर थांबत नाही. लसवाली नर्स घरोघर फिरून गेली, लोकांनी दारं उघडली नाहीत. खालच्या गल्लीत तिला म्हणाले, आधी तुमच्या साहेबांच्या पोरांना टोचा. आपल्याकडे आली तेव्हा चिऊनं आतूनच सांगितलं, नको आम्हाला. बाळाची दीड महिन्याची लस आता जवळ आलीय. मी बोलायला गेलो तर म्हणाली, “बाबा, खात्यातलं काहीही आता माझ्या पोरीच्या अंगाला लागायला नको.”

दादा

२६ जुलै

दादा,

मी आता खात्याची कुणी नाही, तरी हे वाच, आणि चिऊला वाचून दाखव.

बाळाला लस द्या. उशीर करू नका. घटसर्प आणि डांग्या खोकला अजून गेलेले नाहीत, ते फक्त लसीच्या मागे उभे आहेत. लोकांनी टोचणं सोडलं की वर्ष-दोन वर्षांत परत येतात आणि आधी तान्ह्यांना गाठतात. मी शिकत असताना अशा वॉर्डात काम केलंय. तो खोकला एकदा ऐकला की विसरत नाही. या वेळी मी काहीही मागं ठेवत नाही, जेवढं मला ठाऊक आहे तेवढं सगळं लिहितेय.

आणि दादा, या वेळी फक्त चिऊला नको. गल्लीला सांग. जाऊन पायरीवर उभा राहा आणि ओरड. तू ओरडलेला मला हवा आहेस.

बेबी

९ ऑगस्ट

बेबी,

तुझं पत्र चिऊला वाचून दाखवलं. बाळ खांद्यावर होतं, ती पाठीवरून हात फिरवत ऐकत होती. पत्र संपल्यावर तिनं विचारलं, “आत्या हे कचेरीचं सांगतेय की घरचं?”

मी म्हटलं, तिला आता कचेरी कुठं राहिलीय.

“मग टोचून घेऊ,” म्हणाली.

शाळेच्या व्हरांड्यात नर्स लसीचा डबा घेऊन एकटीच बसली होती. सतरंज्या टाकल्या होत्या, रांगेसाठी दोरी बांधली होती, पण रांग नव्हती. आम्हाला बघून ती उठून पुढं आली, “या, या,” म्हणत, घरी पाहुणे आल्यासारखी. बाळ टोचताना रडलं आणि लगेच गप्प झालं. नर्स आमच्या मागं रस्त्याकडे बघत होती. “तुमच्या गल्लीतलं आणखी कुणी येतंय का?” विचारत होती.

परत येताना बायका दारांत उभ्या होत्या. एकीनं विचारलं, “टोचलं?” चिऊ हो म्हणाली. ती म्हणाली, “तुमचं बरं आहे. तुम्हाला आतून कळतं.”

मी पायरीवर उभा राहिलो, बेबी. ओरडलोसुद्धा. लोकांनी ऐकलं आणि आपापल्या कामाला लागले. गल्ली माझं ऐकत नाही आता. चष्मेवाल्याचं ऐकते, त्याच्या घरातलं माणूस गेलंय. तो एक शब्द बोलला तर उद्या सगळ्या पोरांना घेऊन जातील. म्हणून मी रस्ता ओलांडला. मे महिन्यापासून पहिल्यांदाच.

तो दुकानात काचा पुसत होता. मी म्हटलं, “लस चांगली आहे. गल्लीतल्या पोरांना टोचायला हवी. तू सांगितलंस तर ऐकतील.”

त्यानं हातातली काच उजेडापुढं धरली. माझ्याकडे पाहिलं नाही.

“चांगली आहे,” म्हणाला. “असं कोण म्हणतं?”

तुझं नाव जिभेवर आलं होतं. मी म्हटलं, “तसं म्हणतात सगळे.”

“कोण?”

त्यानं दुसरी काच पुसायला घेतली. मग मी परत आलो. नर्स अजून शाळेत बसली असेल. कुणी आलं नाही तरी पाचपर्यंत बसावं लागतं म्हणाली.

दादा